मोठ्या दोन मुठी लसूण

३ नोव्हेंबर, सोमवार

आजचाही फुकट! बाबांनी डाव्या हाताने चमचा बाजूला सारला, थोडा सॉस चादरीवर सांडला, आणि परत तेच — मो… मो…

अहो बाबा, तोच तर समोर धरलाय. मोहो!

अर्धांगाला दोन महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, उरला एवढा 'मो'. बोलणं शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असा एखादा शब्द अडकून राहतो, बहुतेक वेळा फार हवीशी गोष्ट असते, ओळखा. मी पाच मिनिटांत ओळखलं. बाबा बारा वर्षं बोटीवर स्वयंपाकी होते. तिथल्या एका स्पॅनिश आचाऱ्याकडून एक झणझणीत लाल सॉस शिकून आले — वाळलेल्या मिरच्या, लसूण, जिरं, तेल, व्हिनेगर. मग बोट सोडली आणि धक्क्याजवळ खानावळ काढली, ती चालली या सॉसच्या जिवावर. गिऱ्हाइकं 'लाल सॉस' म्हणायची. बाबा त्या आचाऱ्यासारखं 'मोहो' म्हणायचे. मग 'मो' म्हणजे दुसरं काय असणार?

पण मी केलेला तोंडात घेत नाहीत. आणि दुसरंही काही घेत नाहीत. चार घास, की मान फिरवतात. वजन सत्तेचाळीस किलो. मोठे डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

नळी नाही घालू देणार मी. त्यांना त्यांचा सॉस मिळाला पाहिजे.


४ नोव्हेंबर

आता मुद्द्याचं लिहिते, कारण हे कुणाजवळ बोलायची सोय नाही.

कृती माझ्याकडे आहे ती माझ्या धाकट्या बहिणीने उतरवून पाठवलेली. बाबांच्या हातचा मूळ कागद तिच्याकडे. खानावळ बंद होईपर्यंत तीच बाबांच्या हाताखाली होती, म्हणून कागदही तिचाच, असं तिनं ठरवून टाकलं. मला नक्कल! नक्कल अशी:

वाळलेल्या मोठ्या लाल मिरच्या बारा, बिया काढून, गरम पाण्यात भिजवून. मोठ्या दोन मुठी लसूण, सोललेला. जिरं चमचाभर, भाजून. जाडं मीठ. शिळ्या पावाचा एक तुकडा, तेलात तळून. सगळं खलात, मिक्सरमध्ये नाही. ऑलिव्हचं तेल थेंब थेंब. व्हिनेगर सगळ्यात शेवटी.

अक्षर सुरेख. धाकटीचं सगळंच सुरेख असतं. पण दुसऱ्या ओळीत, 'मोठ्या' या शब्दाच्या जागी, पांढऱ्या शाईचा ठिपका! आधी काहीतरी लिहिलं, ते पांढरं केलं, सुकू दिलं आणि त्यावर 'मोठ्या' लिहिलं. जागाही थोडी जास्तच सुटली आहे.

पस्तीस वर्षं मी छापखान्याची प्रुफं वाचते आहे. लेखकाने कुठे चोरून शब्द बदलला ते मला कागद हातात घेतल्याबरोबर कळतं. आणि ही बया आयुष्यात कधी खाडाखोड करत नाही. शाळेत वही दाखवायचे तिची सगळ्यांना.

इथे कुठेतरी पाणी मुरतंय.


६ नोव्हेंबर

छापखान्यातून लवकर आले. पुन्हा केला. अगदी कागदावर बोट ठेवून.

मिरच्या भिजवल्या, सालीवरून सुरीच्या पाठीने गर खरवडून घेतला. जाडं मीठ आणि लसूण आधी कुटला, मीठ असलं की पाकळ्या खलातून उडत नाहीत. मग जिरं, मग पाव, मग गर. तेल सोडताना खांदा भरून आला. रंग सुंदर. वास असा की शेजारणीने खिडकी लावून घेतली, मुद्दाम आवाज करून.

चव? लसणाने जीभ बधिर. घशात कडू. ह्यांनी उकडलेल्या बटाट्याला लावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाले, ताई, बाबांना बरं करायचं आहे की आपल्याला आजारी पाडायचं आहे? (मला सगळं जग ताई म्हणतं. बाबासुद्धा. हे चिडवायला म्हणतात.) मग शहाणपणा सांगितला: लसूण कमी कर की.

कमी कर! म्हणजे माझ्या मनाने मजकूर बदल! मूळ प्रत समोर नसताना एक वेलांटी हलवलेली नाही मी आजवर. चूक दिसते म्हणून स्वतःच्या अकलेने दुरुस्ती करायला लागलं की एकाच्या दहा चुका होतात. मोठ्या दोन मुठी म्हणजे मोठ्या दोन मुठी. ह्यांची मूठ मोजायला घेतली, घरात तीच सगळ्यात मोठी आहे. बेचाळीस पाकळ्या.

लसूण जास्त नाहीये. दुसरं काहीतरी आहे जे त्या लसणाला धरून ठेवत असणार, आणि ते धाकटीने पांढऱ्या शाईखाली गाडलं आहे.


८ नोव्हेंबर

बाबांनी आज बोट लावून चाखला. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मान फिरवली. मो… मो…

दुपारी त्यांना सांभाळणाऱ्या मावशींवरही मला जरा संशय आहे. काल बरणी भरून ठेवली होती, आज दोन बोटं खाली. विचारलं तर म्हणतात, मी कशाला हात लावू ताई, माझं पित्त खवळतं. पण चपातीच्या डब्याला लाल डाग होता. मी बरणीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.

वाण्यालाही विचारलं, मिरच्या गेल्या वर्षीच्या तर नाहीत ना. दुखावला. आता महिनाभर कढीपत्ता फुकट देणार नाही.


९ नोव्हेंबर, रविवार

धाकटीला फोन केला. ती दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते, रविवारीच सापडते. सरळ म्हटलं, मूळ कागद पाठव.

म्हणाली, तो ना, कुठेतरी पुस्तकात ठेवलाय, शोधावा लागेल. मी म्हटलं शोध. म्हणाली, सगळं लिहून तर दिलंय. आवाज साखरेत घोळलेला.

पुस्तकात! हिच्या घरी पुस्तकं किती? एक पंचांग आणि तीन पाककृतींची.


११ नोव्हेंबर

बरणी रेघेच्या खाली. मावशींना पित्त झालं आहे म्हणे.


१२ नोव्हेंबर

आज एक विचित्र प्रकार झाला.

लसूण सोलायला मी बाबांच्या खोलीतच बसले. प्रुफंही तिथेच वाचते हल्ली. पाकळ्या मुठीत घेतल्या, खलात टाकणार, तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. केवढी ताकद! माझी मूठ त्यांनी आपल्या पंज्यात घेतली आणि आवळली. सोडेनात. पाकळ्या फटींतून बाहेर पडल्या, गादीवर विखुरल्या. आणि माझ्या तोंडाकडे बघत — मो… मो… मो…

चिडले होते की रडत होते कळलं नाही. मावशी म्हणाल्या, आजोबांना लसणाचा वास सहन होत नसेल. बाबांना लसूण सहन होत नाही? आयुष्यभर कातड्याला लसणाचा वास होता त्यांच्या!

मी विचार केला. मूठ आवळून दाखवतात. मुठीत काहीतरी लपवलेलं आहे, असं सांगताहेत का? धाकटीने लपवलंय हे त्यांनाही माहीत आहे?


१४ नोव्हेंबर

संध्याकाळी परत फोन. कागद मिळाला का? म्हणाली, ताई, तो मी काचेत बसवून घेतलाय गं, भिंतीवर आहे, काढला तर फाटेल.

रविवारी पुस्तकात होता. शुक्रवारी काचेत! मी हे तिला बोलून दाखवलं नाही. प्रुफात चूक सापडली की लगेच ओरडायचं नसतं, समासात फुली मारून पुढे जायचं.

मग म्हणाली, मी करून आणू का सॉस?

नको म्हटलं. ताडकन. दोन महिने गादी मी बदलते, कूस मी वळवते, रजा माझी संपली. आता ही एका रविवारी बरणी घेऊन येणार, बाबा खाणार, आणि सगळे म्हणणार की शेवटी धाकटीच्याच हाताला यश. तेवढं मोठं मन माझं नाही. लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणापुढे कबूल करणार नाही.


१५ नोव्हेंबर

ब्लेडने ती पांढरी शाई खरवडून पाहिली. वरचा 'मोठ्या' गेला. खाली एक वेलांटी दिसली, आणि पुढे 'च'सारखं काहीतरी. मग कागदच फाटला.

वेलांटी आणि च. चिंच? चिंचेला पहिली वेलांटी असते. मिरचीचा 'ची'? आणखी एक मिरची? ह्यांना दाखवलं तर म्हणाले, चष्मा पूस.


१६ नोव्हेंबर

वजन साडेपंचेचाळीस. डॉक्टरांनी नळीची चिठ्ठी लिहून ठेवली. तारीख तेवढी कोरी आहे.

मला भीती वाटते. बस.


१८ नोव्हेंबर

आज लसूण हातातच घेतला नाही. नुसती बसले बाबांजवळ.

खानावळीचे ते दिवस आठवत होते. आई सांगायची, बाबा बोटीवरून कायमचे परत आले तेव्हा मी सहा वर्षांची, आणि धाकटी नुकती जन्मलेली. मला खानावळीच्या मागच्या दाराशी लसूण सोलायला बसवायचे. सात वर्षांची मुलगी! नखं झोंबायची. शाळेत बाईंनी बाकावरून उठवून खिडकीपाशी बसवलं होतं, वास येतो म्हणून. आणि धाकटी? ती बाबांच्या मांडीवर. तिला एका हाताने धरायचे आणि दुसऱ्या हाताने कढई हलवायचे. माझ्याकडे बघायचे ते फक्त लसूण झाला का विचारायला. मग म्हणायचे हात पुढे कर. मी हात पुढे करायचे, ते पाकळ्या काढून घ्यायचे.

पन्नास वर्षं झाली या गोष्टीला आणि अजून माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. धाकटीला मांडी मिळाली, खानावळ मिळाली, कागद मिळाला. मला नखांत वास.

हे लिहिताना बाबा माझ्याकडे बघत होते. मी वही मिटली. वाचता येत नाही आता त्यांना, तरी मिटली.


१९ नोव्हेंबर

धाकटीला निरोप टाकला: मूळ प्रत घेऊन ये. नाहीतर येऊच नकोस.

उत्तर नाही.


२१ नोव्हेंबर

उत्तर आलं. 'रविवारी येते.' एवढंच. पुढे फुलं नाहीत, हात जोडलेले नाहीत. काहीतरी घेऊन येणार किंवा काहीतरी सांगणार. दोन्हीची मी तयारी ठेवली आहे.


२३ नोव्हेंबर, रविवार

आली. बरणी आणली नाही. पिशवीतून एक जुनी वही काढली, तिच्यातून प्लॅस्टिकचा कागद, आणि त्यात तो. पुस्तकातही नव्हता आणि काचेतही! पण भांडायच्या आधी मी वाचला.

बाबांचं अक्षर. तेलाने पारदर्शक झालेलं. दुसरी ओळ:

'मोठीच्या दोन मुठी लसूण.'

मी तीनदा वाचलं. वेलांटी. च. मोठी कोण, असं विचारलंसुद्धा मी! धाकटी म्हणाली, "तू. तुला मोठीच म्हणायचे ना बाबा. मी बोलायला लागले आणि ताई ताई करायला लागले, मग सगळ्यांचीच ताई झालीस. आईने सांगितलंय मला."

हात पुढे कर म्हणायचे ते! सोललेला लसूण घ्यायला नाही, मोजायला. पूर्ण खानावळीचा सॉस माझ्या सात वर्षांच्या मुठीने मोजलेला.

मग खोडलंस का, म्हणून विचारलं. मी चढ्या आवाजात विचारणार होते, पण आवाज काही चढला नाही. धाकटी प्लॅस्टिकचा कागद गुळगुळीत करत म्हणाली, "लिहिलं होतं मी आधी बरोबर. मग बघवलं नाही. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली त्या कागदाकडे बघून सॉस केला मी. माझी मूठ कधी मोजली नाही त्यांनी. मी सात वर्षांची झाले तेव्हा पुढे केली होती, तर हसले, म्हणाले, आता अंदाज बसलाय. पण कागद काही बदलला नाही."

तिला वाटलं होतं, मी कडू लागला की आपणच लसूण कमी करीन, सगळेच करतात. "मग आठवलं, तू प्रूफवाली. तू कसली करतेस! आणि नळीचं कळलं तेव्हा वही पिशवीत टाकली."

म्हणजे माझा संशय खरा होता. तिने खरंच खोडलं होतं. पस्तीस वर्षांत चूक इतकी अचूक पकडली नव्हती मी. दोघीही त्या माणसाच्या एकाच स्वयंपाकघरात वाढलो आणि दोघींनाही दुसरीचंच ताट भरलेलं दिसलं. ती रडली. मीही. मावशी चहा घेऊन आल्या आणि तशाच मागे फिरल्या.

मग बाबांसमोर बसलो. मी मूठभर लसूण घेऊन हात उघडा धरला. बाबांनी डाव्या हाताने एक पाकळी उचलून गादीवर ठेवली. मग दुसरी. एकेक करत हातात आठ उरल्या, तेव्हा माझी बोटं मिटवली आणि वर थोपटलं. दुसऱ्या मुठीला पुन्हा आठ. सोळा पाकळ्या! मी बेचाळीस कुटत होते.

खल धाकटीने धरला, बत्ता मी. तेल तिने सोडलं, तिचा हात स्थिर आहे, हे मान्य करायला हवं. बटाटा कुस्करून, त्यात बोटभर सॉस. बाबांनी जीभ लावली, डोळे मिटले, आणि खाल्ला. सात चमचे! धाकटी मोजत होती, मीही मोजत होते.

पण एक गोष्ट अजून खटकते. ती निघाल्यावर बाबा परत सुरू. मो… मो… वाटी पुढे केली तर सारली. पोट भरलेलं, सॉस बरोबर, मग आता काय हवंय? अजून काहीतरी माझ्या नजरेतून सुटतंय.


२४ नोव्हेंबर

सकाळी पडदा सारायला गेले. पाठीमागून — मो…

हात पडद्यावर तसाच राहिला. ते सॉस मागतच नव्हते.

ओ, बाबा, म्हटलं.

तीन महिने होत आले, मला हाका मारत होते. मी वाटी पुढे करत होते.

दिवसभर गप्प आहेत. जेवले.